छातीत बसवलेला पहारेकरी

बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. तीन वर्षांपूर्वी अशाच एका बाजारच्या दुपारी एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर मामा मुलाच्या खांद्यावर भार टाकून आत आले. नाव लिहीत नाही. गंगाखेड लहान आहे, ओळखणारे ओळखतीलच. अंगाला दरदरून घाम, ओठ पांढरे पडलेले. "डॉक्टरसाहेब, छातीत फडफड व्हायलीय, डोळ्यापुढं अंधारी यायलीय," एवढेच ते बोलले. नाडीवर बोटे ठेवली तर मोजता येईना. रक्तदाब ८०. इसीजीची पट्टी बाहेर येऊ लागली आणि माझ्याच तोंडाला कोरड पडली. ठोके मिनिटाला १९०, आणि प्रत्येक ठोका रुंद, एकाला एक चिकटलेला.

मामांना पाच वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, हे मला ठाऊक होते. अशा माणसाच्या इसीजीत अशी पट्टी दिसली की दुसरे काही निघेपर्यंत ती हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठलेली घातक धडधड आहे असेच धरायचे असते. ऑक्सिजन लावला, शिरेत सुई बसवली, १०८ ला फोन केला आणि गाडीत स्वतःही चढलो. बाहेर बसलेल्या रुग्णांना कंपाउंडरने काय सांगितले ते मी आजतागायत विचारलेले नाही. परभणीला पोहोचेपर्यंत पाऊण-एक तास मी एकच करत होतो, त्यांच्या मनगटावर बोटे ठेवून त्यांच्याशी बोलत होतो. तिथे झोपेचे इंजेक्शन देऊन छातीवर बाहेरून विजेचा झटका दिला. एका झटक्यात ठोके ७८ वर आले. मामांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "गाडी आली का?"

पुढे ते पुण्याला गेले. अँजिओग्राफीत नवीन अडथळा नव्हता. पण इकोच्या तपासणीत हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद २८ टक्के निघाली. निरोगी माणसात ती ५५ ते ६५ च्या आसपास असते. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले की असा प्रकार पुन्हा होणार, आणि दर वेळी परभणी गाठता येईलच असे नाही. छातीत आयसीडी नावाचे यंत्र बसवून घ्या. फाईल घेऊन मामा, मामी आणि मुलगा माझ्यासमोर येऊन बसले. खर्च काही लाखांचा होता. मामी म्हणाल्या, "दोन एकर हाय, ती इकावी का? तुमी सांगाल तसं."

हा प्रश्न आता वर्षातून दोन-तीनदा तरी माझ्यापुढे येतो. म्हणून आजचा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हृदयविकाराचा झटका आणि हृदयाची लय बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेताच्या भाषेत सांगायचे तर पहिल्यात पाटात गाळ साचून पाणी अडते, दुसऱ्यात मोटारीचे वायरिंग बिघडते. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा जो भाग मरतो, तिथे व्रण राहतो. हृदयातून वाहणारी सूक्ष्म वीज त्या व्रणाभोवती अडखळते आणि कधी तरी वावटळीसारखी गोल गोल फिरू लागते. मग ठोके १८०, २०० वर जातात. त्यातूनही बिघडले तर खालचा कप्पा आकुंचन पावायचे सोडून नुसता थरथरतो. रक्त पुढे जात नाही, आणि दहा-पंधरा सेकंदांत माणूस कोसळतो. त्यानंतर जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची आशा सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. "चालता चालता गेला, हूं की चूं केले नाही," असे आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांतले बरेच असे गेलेले असतात.

अशा थरथरणाऱ्या हृदयावर खरा उपाय एकच, विजेचा झटका. छाती दाबून थोडा वेळ मिळवता येतो, आणि ते दाबणे प्रत्येकाने शिकलेच पाहिजे. पण लय जागेवर आणते ती वीज. ती वीज देणारे यंत्र रुग्णाच्या कातडीखालीच का ठेवू नये, हा विचार ज्याच्या डोक्यात आला त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे.

मिशेल मिरोव्स्की यांचा जन्म १९२४ साली पोलंडमधल्या वॉर्सा शहरात झाला. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा पोरवयातच त्यांनी घर सोडले, आणि मागे राहिलेल्या कुटुंबातले कुणी उरले नाही. फ्रान्समध्ये वैद्यकी शिकून ते इस्रायलला गेले. तिथले त्यांचे वरिष्ठ हॅरी हेलर यांना मामांसारखाच विकार होता. धडधड पुन्हा पुन्हा उठे. १९६६ साली त्यातच ते गेले. गुरूला कायम रुग्णालयात ठेवता येत नव्हते आणि घरी झटका देणारे कुणी नव्हते, ही सल मिरोव्स्कींच्या मनातून गेली नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या सायनाय हॉस्पिटलमध्ये त्यांनी मॉर्टन मॉवर यांच्याबरोबर १९६९ पासून यंत्रावर काम सुरू केले. मोठमोठ्या तज्ज्ञांनी ही कल्पनाच निकामी ठरवली होती. या दोघांनी एका कुत्र्यावर प्रयोग करून चित्रफीत काढली: हृदय थरथरते, कुत्रा कोसळतो, यंत्र झटका देते, कुत्रा उठून शेपूट हलवतो. त्यावर काहींनी शंका काढली की कुत्रा तसा शिकवलेला असेल! मग त्यांनी चित्रासोबत इसीजीही दाखवला. मरायला शिकवलेल्या कुत्र्याचा इसीजी कुठून आणणार?

४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लेव्ही वॉटकिन्स या शल्यविशारदाने माणसाच्या शरीरात हे यंत्र प्रथम बसवले. ते जवळजवळ पाव किलोचे होते. छाती उघडून हृदयाशी पट्ट्या जोडायच्या आणि डबा पोटाच्या कातडीखाली ठेवायचा, असा तो मोठा खटाटोप होता. १९८५ साली अमेरिकन सरकारने त्याला परवानगी दिली. मी अंबाजोगाईला शिकत होतो तेव्हा आमच्या पुस्तकात यावर जेमतेम चार ओळी होत्या, आणि परीक्षेत येणार नाही म्हणून त्याही आम्ही सोडल्या होत्या.

आज यंत्र तळहातावर मावते. पेसमेकरचे हे थोरले भावंड म्हणा. पेसमेकर मंद हृदयाला टोचणी देतो. आयसीडी ते तर करतेच, शिवाय रात्रंदिवस प्रत्येक ठोका मोजत पहारा देते. घातक धडधड सुरू झाली की आधी ते स्वतः थोडे जलद, अगदी बारीक ठोके देऊन ती वावटळ मोडायचा प्रयत्न करते. पुष्कळदा तेवढ्याने भागते आणि रुग्णाला कळतही नाही. नाही भागले तर काही सेकंदांत ७०० ते ८०० व्होल्टपर्यंत वीज साठवून हृदयाला झटका देते.

शस्त्रक्रियेची भीती लोकांना फार. वास्तविक छाती उघडत नाहीत. बहुधा डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली भूल देतात, सोबत गुंगीचे औषध असते. दोन-तीन इंचांची चीर घेऊन कातडीखाली एक खिसा करतात. हाडाखालून जाणाऱ्या मोठ्या शिरेतून एक तार आत सरकवतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात नेऊन टोकाचा बारीक स्क्रू स्नायूत फिरवून बसवतात. तारेला ठोका नीट ऐकू येतो का आणि किती कमी विजेवर हृदय प्रतिसाद देते हे तपासतात, मग तार यंत्राला जोडून खिसा शिवतात. पूर्वी त्याच टेबलावर मुद्दाम हृदय थरथरवून यंत्राची परीक्षा घेत. आता बहुतेक रुग्णांत ती गरज मानत नाहीत. एक-दोन तासांचे काम. काहींना एक वेगळा प्रकार बसवतात, ज्याची तार शिरेत न जाता छातीच्या कातडीखालीच राहते. अमेरिकेत त्याला २०१२ साली मान्यता मिळाली.

धोके आहेत. फुप्फुसाला टोचून हवा गळू शकते, खिशात रक्त साचते, तार जागची हलते, जंतुसंसर्ग होतो. यातला शेवटचा सर्वांत वाईट, कारण मग यंत्र आणि तार दोन्ही काढावी लागतात. इथे माझ्याच व्यवसायबंधूंना एक विनंती. घरी आलेल्या रुग्णाचा खिसा सुजलेला दिसला तर पाणी काढून पाहू म्हणून त्यात सुई घालू नका. त्या सुईबरोबर जंतू आत जातात. ज्यांनी यंत्र बसवले त्यांच्याकडे पाठवा. आणि घरच्यांनी त्यावर हळद, लेप, शेक यांतले काही करू नये. चार ते सहा आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, वजन उचलायचे नाही. पण गळ्यात बांधूनही ठेवायचा नाही, नाहीतर खांदा आखडतो. मामांचा आखडलाच होता, मामींच्या अतिकाळजीने.

आता बसवायचे कुणाला? जो एकदा अशा धडधडीतून वाचला आहे आणि जिला तात्पुरते कारण सापडत नाही, त्याला शक्यतो बसवावेच. ज्याला अजून काही झाले नाही पण हृदयाची ताकद ३५ टक्के किंवा त्याहून कमी आहे, त्याचाही विचार करतात. मात्र झटक्यानंतर किमान ४० दिवस थांबून आणि साधारण तीन महिने नीट गोळ्या देऊन पुन्हा इको करायचा असतो. कित्येकांची ताकद गोळ्यांनीच वाढते आणि यंत्राची गरज उरत नाही. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात कुणी घाई केली तर शांतपणे विचारा, "साहेब, थोडे थांबून पुन्हा पाहता येईल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. काही तरुणांत हृदयाचा स्नायू जाड असतो किंवा विजेचा दोष घराण्यात असतो. त्यांचे गणित निराळे. घरात कुणी तिशी-चाळिशीत अचानक गेले असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी. उलट, दुसऱ्या आजारामुळे ज्याचे आयुष्य वर्षभराचेही दिसत नाही, त्याला हे यंत्र बसवून काही साधत नाही.

आणखी एक. यंत्राने हृदय बळकट होत नाही आणि पुढचा झटकाही टळत नाही. ते फक्त पहारा करते. गोळ्या चालूच राहतात. "मशीन बसवलं, आता गोळी कशाला," असे म्हणणारे मी पाहिलेत.

मामांना मी "बसवा" म्हणालो. पण जमीन विकू नका, हेही म्हणालो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातले काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. मामांचे सेवानिवृत्तीचे पैसे थोडे शिल्लक होते. दोन महिने पत्रे लिहिण्यात आणि खेटे घालण्यात गेले, आणि ते दोन महिने मी रात्री फोन वाजला की दचकत असे. त्या काळात काही झाले असते तर जमीन विकू नका म्हणणारा मीच होतो. आजही तो सल्ला बरोबर होता की नशिबाने बरोबर ठरला, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

त्याच धावपळीत मुलाने विचारले, "डॉक्टरसाहेब, जुनं मशीन मिळत नाही का?" मला आधी हसू आले. मग वाचायला बसलो, तर हे काम मुंबईतच झालेले निघाले. वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये डॉ. यश लोखंडवाला आणि अमेरिकेतले डॉ. बेहझाद पावरी यांनी इतर सहकाऱ्यांसह, अमेरिकेतल्या रुग्णांच्या शरीरातून काढलेली, बॅटरी निदान तीन वर्षे पुरेल अशी यंत्रे निर्जंतुक करून, ज्यांना गरज होती पण ऐपत नव्हती अशा रुग्णांना बसवली. ८१ रुग्ण, १०६ यंत्रे. काहींना बॅटरी संपल्यावर दुसरे, तिसरेही बसवले. २०१२ साली हा अभ्यास अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जंतुसंसर्ग एकालाही झाला नाही, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत त्या जुन्या यंत्राने घातक धडधड वेळेवर मोडली. पुढे २०२० साली कॅनडातल्या डॉक्टरांनी गरीब देशांतल्या १०५१ रुग्णांचा असाच आढावा प्रसिद्ध केला. जुने पेसमेकर आणि आयसीडी बसवलेल्यांत दोन वर्षांत संसर्ग २ टक्के, नवे बसवलेल्यांत १.२ टक्के, हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान. कंपन्या मात्र ही यंत्रे एकदाच वापरण्यासाठी म्हणून विकतात आणि अमेरिकेत पुनर्वापराला परवानगी नाही. म्हणजे तिथे जे मातीआड जाते, ते इथे एखाद्याचा संसार वाचवू शकते. असो. मामांना शेवटी नवेच बसले. पनवेल गाडीने रात्री निघाले, आठव्या दिवशी परत आले.

घरी आल्यावर खरी कसोटी असते. मामांना पहिला झटका चौथ्या महिन्यात बसला, तो शेतात. मोटारीच्या लोखंडी पाइपाला हात लावला आणि, त्यांच्याच शब्दांत, "छातीत आतून कुणी धोंडा हाणला." शुद्ध गेली नव्हती, ठोकेही ठीक होते. यंत्र आतल्या घडामोडींची नोंद ठेवते. पुण्याला ती तपासली तेव्हा हृदयाची लय बिघडलेलीच नव्हती असे दिसले. पाइपात वीज उतरली होती. आपल्याला ज्याने नुसत्या झिणझिण्या येतात, तेवढा प्रवाह यंत्राच्या तारेने ऐकला आणि त्याला ती हृदयाची थरथर वाटली. पहारेकऱ्याने घरच्याच माणसाला चोर समजून काठी घातली. आपल्याकडे अर्थिंग नसलेल्या मोटारी, उघड्या पेट्या आणि गिझर किती आहेत ते मी सांगायला नको. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावे आणि गळती झाली की वीज तोडणारे ईएलसीबी बसवावे. वेल्डिंगपासून दूर राहावे. मोबाइल दुसऱ्या कानाला लावावा, शर्टाच्या डाव्या खिशात ठेवू नये. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट मागे उभे राहावे. टीव्ही, मिक्सर, पंखा यांना भिण्याचे कारण नाही. एमआरआय काढायची वेळ आली किंवा दुसरी कुठली शस्त्रक्रिया ठरली तर यंत्राचे कार्ड आधी दाखवावे.

दुसरा झटका खरा होता. आषाढीच्या सुमारास मामा संत जनाबाईंच्या मंदिरात निघाले होते, मामींनी हात धरला होता. मामा एकदम खाली बसले, मान टाकली, आणि मामी ओरडेपर्यंत अंगाला हिसका बसून त्यांनी डोळे उघडले. मामींना वाटले होते की हात धरला म्हणजे आपल्यालाही वीज लागणार. लागत नाही, लागलाच तर किंचित चुणका. एक झटका बसून माणूस बरा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ दोन बसले, किंवा झटक्यानंतर छातीत दुखते, दम लागतो, गरगरते, तर थेट रुग्णालय गाठावे. मामांचे मोटारसायकल चालवणे त्यानंतर सहा महिने बंद ठेवले. ज्याने आयुष्यभर एस.टी. हाकली त्याला मुलाच्या मागे बसायला लावणे हे औषधांपेक्षा अवघड गेले. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता एक विषय, जो लिहावा की नाही यावर मी बराच विचार केला. गंगाखेडला लोक दक्षिण काशी म्हणतात. गोदाकाठी लांबलांबून अंत्यसंस्काराला येतात. काही वर्षांपूर्वी माझे एक ८४ वर्षांचे रुग्ण घरी शांतपणे गेले. मृत्यूचा दाखला मीच लिहिला. त्यांच्या छातीत पेसमेकर होता आणि ते मला माहीत होते. चिता पेटल्यावर काही वेळाने मोठा आवाज झाला, जळती ढलपी उडून थोरल्या मुलाच्या हातावर पडली. लोक म्हणाले, कवटी फुटली. मला कळले काय झाले ते. यंत्राची बॅटरी आगीत फुटते. दाखला लिहिताना दोन वाक्ये सांगायची मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाताला पट्टी करताना त्याला ते सांगितले. तो काही बोलला नाही.

तेव्हापासून दाखला लिहिण्याआधी विचारतो. दहन करायचे असेल तर पेसमेकर आधी काढावा. लहानशी चीर, पाच-दहा मिनिटांचे काम. आयसीडीचे तसे नाही. माणूस गेला तरी यंत्र जागेच असते. तार कापताना होणारी खळबळ त्याला हृदयाची थरथर वाटू शकते आणि काढणाऱ्यालाच झटका बसू शकतो. म्हणून आधी ते संगणकाने बंद करावे लागते, निदान वर चुंबक ठेवून त्याचे झटके थांबवावे लागतात. दफनविधी असेल तर काढण्याची गरज नाही. हेच जिवंतपणीही लक्षात ठेवावे. कर्करोगासारख्या आजारात शेवटचे दिवस आले असतील तर यंत्राचे झटके बंद करून घेता येतात. त्याने कुणाचा जीव घेतला जात नाही, मरणाऱ्याला विनाकारण धक्के बसत नाहीत इतकेच. घरच्यांनी हे विचारायला संकोचू नये.

गेल्या महिन्यात मामा तपासणीहून आले. बॅटरी अजून सहा वर्षांची आहे. खुर्चीत बसून त्यांनी खिशातून वहीचा फाडलेला कागद काढला. मुलाच्या अक्षरात लिहिलेला, खाली मामांची सही आणि मामींचा अंगठा. 'माझ्या माघारी हे मशीन बंद करून काढावे आणि बॅटरी उरली असेल तर गरजवंताला द्यावे.' वांद्र्याची गोष्ट मुलाने त्यांना सांगितली होती. मी म्हणालो, "मामा, ही मी घरी काढून कुणाला देण्याची वस्तू नाही. मोठे रुग्णालय, त्यांची नीतिसमिती, घेणाऱ्याची संमती, हे सगळे लागते." ते म्हणाले, "ते तुमी बघा. मी माझी ड्युटी लावून ठेवली."

कागद त्यांच्या फाईलमध्ये, त्या १९० ठोक्यांच्या पट्टीशेजारी टाचून ठेवला आहे. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे.